भिया न म्हणण्याचा दिवस

मुलगी बघायला आम्ही देवासहून धारला निघालो, तेव्हा आईनं बसमध्येच दम भरला. "त्या घरात भिया शब्द काढायचा नाही. मुलीचे वडील मास्तर आहेत, शुद्ध मराठी बोलतात. मी खोकले की समज, सुटला तुझ्या तोंडातून."

"हाव भिया," मी म्हटलं.

आई तिथेच पहिल्यांदा खोकली.

आता माझी अडचण समजून घ्या. मी आठवीत तीनदा बसलो आणि उठलो तो थेट स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात. माझ्याकडे शब्दच कमी, त्यातले अर्धे भिया. आमच्याकडे भिया म्हणजे भाऊ, ही फक्त सुरुवात. पाणीपुरीवाल्याला लाडानं भिया म्हटलं की एक पुरी जास्त. चौकात पोलिसाची शिट्टी वाजली की लांबवून 'भियाऽऽ', म्हणजे जाऊ द्या ना. तोच तोडून 'ओ भिया' म्हटला की समोरच्यानं आपली गाडी मागे घ्यावी. लग्नात दाबून जेवलो की पोटावर हात फिरवत भिया. मयतीला गेलो की दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून भिया. एवढी सगळी दुनिया आईनं एका खोकल्यात बंद केली.

मास्तरांनी विचारलं, "प्रवास कसा झाला?"

मी पुष्कळ विचार केला. "झाला."

"दुकान कसं चाललंय?"

"चाललंय."

मुलगी पोहे घेऊन आली. वर शेव इतकी की खाली पोहे आहेत का, बघावं लागलं. तिनं विचारलं, "लिंबू हवं?" भिया तोंडाशी आला. शेवेबरोबर गिळला तर ठसका लागला. आईला वाटलं, मी तिची नक्कल करतोय.

मास्तर आईला हळूच म्हणाले, "मुलगा बोलतो ना?"

म्हटलं, गेलं स्थळ. आणि मुलगी तर मला त्या लिंबापासूनच आवडली होती.

मास्तर जिलबी आणायला उठले. बाहेर त्यांची जुनी स्कूटर. एक किक, दहा किक, गाडी ढिम्म. मी उडीच मारली. एवढं एकच तर येतं मला.

पण खोड अशी की गाडीशी बोलल्याशिवाय माझा हात चालत नाही. ज्याच्या हाताखाली काम शिकलो, त्या उस्तादानंच तसं शिकवलंय. बाजूचं झाकण काढलं आणि तोंड सुटलं. "काय झालं भिया? दाखव भिया. रडू नको भिया, मी आहे ना." आई खोकायला लागली. "ओ भिया, तो पाना द्या जरा," हे मी मास्तरांना म्हटलं. त्यांनी दिला. आई भिंतीला धरून खोकत होती. शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन आली.

प्लग काढला, घासला. कारबोरेटर खोलून फुंकला. नवा पांढरा शर्ट काळा झाला. अर्धा तास गेला.

दारातून मुलगी म्हणाली, "बाबा, पेट्रोल नाहीये. काल मीच संपवलं."

माझ्या हातात प्लग होता, कोरडा ठणठणीत. कोरडा प्लग म्हणजे टाकी रिकामी, हे माझ्या दुकानाबाहेरचा चहावाला पण सांगेल.

"भिया," मी म्हटलं. जमिनीनं पोटात घ्यावं, असाही त्याचा एक अर्थ आहे, तो त्या दिवशी कळला. आईत खोकायचीसुद्धा ताकद उरली नव्हती.

मास्तरांनी चष्मा पुसला. "चला, मुका तर नाही," ते म्हणाले. मग मुलीकडे वळले. "तुझं काय म्हणणं?"

ती माझ्या शर्टाकडे बघत राहिली. हसू दाबत होती, पण दाबलं जात नव्हतं.

"मला चालेल," ती म्हणाली. "पण आधी ते सगळं परत जोडायला सांगा. मला उद्या गाडी लागते."

हे सगळं मी बोललो, लिहिलं तिनं. माझं मराठी वाचन दुकानांच्या पाट्यांपुरतं, त्याही इकडे हिंदीत. चार ठिकाणचे भिया काढलेत, असं ती म्हणते.

काढले असतील, भिया.