काचेतल्या नंदीचे दोन कान

निघालो होतो पाँडिचेरीला, अडकलो चेन्नईत. अंबत्तूरला मामाकडे एक रात्र टेकू म्हटलं, तर मामीच्या सांबारानं चार दिवस खाल्ले. वर घरात शीतयुद्ध. मामा डिफेन्सच्या कारखान्यातून नुकताच रिटायर झालेला. त्याला कराडला परतायचंय, फ्लॅटही बघून ठेवलाय. मामी 'हो'ही म्हणेना, 'नाही'ही म्हणेना. टोकन सोमवारी द्यायचं होतं.

रविवारी दोघांना ओढून एग्मोरच्या म्युझियमला नेलं. (तुम्ही जाणार असाल तर शुक्रवार टाळा, बंद असतं.) अंबत्तूरहून लोकलनं सेंट्रल, तिथून मेट्रोनं एकच स्टेशन. मला बघायचा होता नटराज, पण वाटेत एका कपाटाशी थबकलो. आत तळहातावर मावेल एवढा काशाचा नंदी. पाय दुमडून बसलेला, गळ्यात घुंगरं, आणि चेहरा असा की जेवण झालंय, आता बोला.

मामानं चपला काढल्या. म्युझियममध्ये!

"अहो, देऊळ आहे का हे?" मामी.

"नंदी तो नंदीच." मामा काचेला तोंड लावून पुटपुटला. नंदीच्या एका कानात मागणं सांगायचं तर दुसरा कान हातानं झाकायचा, नाहीतर ते निसटतं. इथे मध्ये काच, झाकणार कसा? मामा नुसताच हात हलवत राहिला.

मोकळ्या कानाकडून मामी वाकली. काच जाड, म्हणून मोठ्यानंच बोलली, "इंगेये इरुक्कणुम, सामी."

पहारेकरी बाई फिस्सकन हसल्या. मी विचारलं, काय म्हणाली? "इधरीच रहना, बोलती."

मामाला भाषांतराची गरज नव्हती. तो मामीकडे बघत राहिला. घरात त्याच्याशी मराठीतच भांडणारी, मागणं मात्र तमिळमध्ये मागत होती.

"तमिळमध्ये कशाला?" त्यानं हळूच विचारलं.

"इथलाच आहे ना तो." मामीनं पदर सावरला. "आणि मीही आता काय..."

बाहेर केळीच्या पानावर जेवलो. मामानं रसमचा तिसरा वाडगा मागितला.

पाँडिचेरी राहिलंच. पुण्याला पोचलो त्याच संध्याकाळी मामाचा फोन. "तुझ्या आईला सांग, कराडचं टोकन देत नाही."

"मग तुझ्या मागण्याचं काय?"

"माझ्या बाजूच्या कानात मळ असेल रे."

मागून मामी ओरडली, "दिवाळीला जाऊ की कराडला! अडवलंय कोणी?"

मामा इतका मोठ्यानं हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.