गाव पाहायला गेले आणि स्थळ दारात आलं

आमच्या नातीने परदेशात कुठल्या गावी राहावं, हे मी ठरवलं. माझा स्वतःचा मोठा प्रवास म्हणजे झाशीहून बेतवेकाठच्या एरच गावापर्यंत, एका मुंजीसाठी, आणि परतताना बस बंद पडली होती. तरीही ठरवलं. घरात दुसरं कोणी शहाणं नव्हतं असं नाही. घरात दुसऱ्या कोणाला संशयच येत नव्हता!

नात म्हणजे जुई, माझ्या विनायकची एकुलती एक. तिला नोकरी लागली पोलंडमध्ये. पोलंड कुठे, हे मी विनायकला विचारलं. तो रेल्वेत आहे, त्याला जगातल्या सगळ्या गोष्टी स्टेशनासारख्या एकापुढे एक दिसतात. म्हणाला, "आई, जर्मनीच्या पुढचं." जसं काही झाशीच्या पुढे बबीना!

कंपनीची कचेरी दोन गावांत होती. एक वॉर्सा, राजधानीचं. दुसरं वूच. पगार दोन्हीकडे सारखाच. कुठलं गाव हवं ते सोमवारपर्यंत कळवायचं, आणि एकदा कळवलं की वर्षभर बदल नाही. म्हणजे गाव चुकलं तर पोर वर्षभर तिथे अडकली. संध्याकाळी एकटी अंधारातून घरी येणार, आणि भाडं देऊन झालं की वरण-भातावर दिवस काढणार. (तिथे वरण मिळतं की नाही, तेही कोणाला ठाऊक नव्हतं.) इतकी मोठी गोष्ट, आणि आमच्या घरात ती ठरत होती कुठे? मोबाइलवर!

"आजी, तू टेन्शन नको घेऊ. इंटरनेटवर सगळं लिहिलंय. कौनसा शहर सेफ, कौनसा सस्ता." (जुईचं मराठी असंच. अर्धं वाक्य माझं, अर्धं आमच्या झाशीतल्या लक्ष्मी गेटच्या हिंदीचं.)

"लिहिलं कोणी?"

"लोकांनी."

"कुठल्या लोकांनी? त्यांच्या घरी भाड्याने द्यायच्या खोल्या आहेत का?"

"मला काय माहीत!"

"मग झालं तर. बड्या बाजारात एवढी दुकानं आहेत. 'अम्मा जी, आमचा माल खराब आहे, पुढच्या दुकानात जा' असं मला आजवर एकानेही सांगितलेलं नाही."

विनायक म्हणाला, "आई, तुला देवळातल्या पुजाऱ्याचासुद्धा संशय येतो." तो येतोच. त्याचं काय ते मी नंतर बघेन.

मी चौथी पास. पण गाव कसं पाहावं, हे मला माहीत होतं. आमच्याकडे मुलगी द्यायची झाली की आधी चौकशी करतात. मुलाच्या घरी नाही जायचं, तिथे सगळे झाडून-पुसून बसलेले असतात. शेजारी जायचं. दूधवाल्याला गाठायचं. समोरच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या बाईजवळ बसून तिला दोन पापड लाटू लागायचे. विचारायचं भलतंच आणि काढून घ्यायचं खरं. या रीतीने मी आमच्या नात्यातली तीन लग्नं वेळेवर मोडली आहेत.

वॉर्सातला दूधवाला माझ्या ओळखीचा नव्हता. पण सुमनवहिनी होत्या. आमच्या गणपतीच्या मंडळात आरतीचं तबक धरतात त्या. त्यांची बहीण शोभा ग्वाल्हेरला असते, आणि शोभाचा मुलगा नीरज वॉर्सात नोकरीला! मी दुपारीच त्यांच्या घरी गेले. जुईला सांगितलं नाही. चौकशी सांगून केली तर ती चौकशी कसली?

"वहिनी, नीरजशी जरा बोलायचं होतं. पण आधीच सांगते, हे लग्नाबिग्नाचं काही नाही हं."

इथेच मी माती खाल्ली! आमच्या झाशीतल्या मराठी घरांत 'लग्नाचं काही नाही' असं कोणी म्हटलं, की ऐकणारा मनातल्या मनात नारळ काढून ठेवतो. मी स्वतः उभ्या आयुष्यात प्रत्येक स्थळाची सुरुवात याच वाक्याने केली आहे.

"समजलं, माई," सुमनवहिनी हसल्या. "अगदी समजलं." आणि त्यांनी फोन लावला. चेहरा दिसतो तसला फोन.

पडद्यावर नीरज आला. रविवार नाही, सण नाही, आणि मुलगा इस्त्रीच्या शर्टात! फोन लागायच्या आधी वहिनींनी "पाणी आणते" म्हणून आत जाऊन कोणाकोणाला कळवलं होतं, ते मला मागाहून समजलं. त्या वेळी मला फक्त संशय आला.

"नमस्कार, आजी!"

"नमस्कार. कामावरून घरी किती वाजता येतोस?" मला रस्त्यावर अंधार किती असतो ते हवं होतं.

"सरळ घरी येतो, आजी. इकडेतिकडे कुठे जात नाही."

"वाटेत दारूची दुकानं लागतात का?"

"मी तिकडे बघतसुद्धा नाही!"

मी रस्त्याचं विचारत होते, हा स्वतःचं सांगत होता. मला वाटलं, परदेशात राहून पोराचं मराठी बिघडलं.

"भाडं परवडतं का? पगारातून काही उरतं?"

"भाडं अगदी मामुली, आजी. खूप उरतं."

"चोऱ्यामाऱ्या?"

"इथे लोक दाराला कुलूपही लावत नाहीत!"

आता मला दुसरा संशय. इतकं गोड बोलणारा माणूस एक तर उमेदवार असतो, नाहीतर दलाल. निवडणुका तर नव्हत्या. म्हणजे हा नक्की घरांचा दलाल! नोकरी सांगायला, धंदा खोल्या मिळवून द्यायचा. मी म्हटलं, थांब लेका.

"मला घर दाखव."

त्याने दाखवलं. ओटा लख्ख. भिंतीवर गणपतीची तसबीर, नव्या प्लॅस्टिकसकट. मग न्हाणीघर. तिथे पेल्यात चार टूथब्रश उभे!

"चार कशाला रे?"

नीरज घुटमळला. "मला... मला दातांची फार काळजी आहे, आजी."

सुमनवहिनींनी मला कोपराने ढोसलं. "बघा माई, किती स्वच्छ मुलगा!"

"घरात दुसरी कोणी बाई येते का?" मी शेवटचं विचारलं. भांडी घासायला तिथे कोणी मिळतं की जुईलाच घासावी लागतील, एवढंच मला पाहायचं होतं. नीरज कानापर्यंत लाल झाला. "नाही आजी! देवाशपथ नाही!" भांडीवालीवरून शपथ घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

घरी येऊन मी जुईला निकाल सांगितला. "वॉर्सा स्वस्त आहे, सुरक्षित आहे. फक्त एका माणसाच्या दातांचं मला खरं वाटत नाही."

"कोणाच्या?"

"ते सोड."

जुईचा कल वॉर्साकडेच होता, राजधानी म्हणून. तिने मेल लिहून ठेवलं. सोमवारी सकाळी धाडायचं ठरलं.

रविवारी सकाळी दारात गाडी थांबली. विनायक बनियनवर दार उघडायला गेला आणि तसाच उलटा आला. "आई, ग्वाल्हेरहून कोणी आलंय. त्यांच्याकडे साडी आहे."

शोभाताई, मागे सुमनवहिनी. मिठाईचे डबे, फळांची टोपली, आणि वर ओटीचं सामान! जुई त्या वेळी डोक्याला मेंदी थापून, तोंडाला बेसन लावून अंगणात बसली होती. शोभाताईंनी तिच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, "मुलगी साधी आहे. आम्हाला अशीच हवी होती."

जुईने माझ्याकडे पाहिलं. "आजी? ये क्या हो रहा है?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. माहीत होऊ लागलं होतं, पण कबूल कशाला करा?

"अहो माई, असं काय!" शोभाताई खुर्चीच्या टोकावर आल्या. "तुम्हीच नीरजला विचारलंत, पगारातून काय उरतं."

"मी गाव स्वस्त आहे का ते बघत होते!"

"दारूचं विचारलंत!"

"रस्त्यावरच्या!"

"घरात दुसरी बाई येते का, हेही विचारलंत!"

"भांडीवाली!" मी ओरडले. "मी भांडीवालीचं विचारत होते!"

विनायक खाली बघून खांदे हलवत होता. रडत असेल तर बरं, असं मला वाटलं. रडत नव्हता.

सुमनवहिनींनी कपाळाला हात लावला. "माई, तुम्ही 'लग्नाचं काही नाही' म्हणालात, म्हणून तर मला खात्री पटली!" त्यांच्या जागी मी असते, तर मी बँडवालासुद्धा सांगून ठेवला असता.

तेवढ्यात बेसनाच्या मुखवट्यातून जुई शांतपणे म्हणाली, "काकू, म्हणजे अब रिश्ते की कोई बात नहीं आहे ना?"

"नाही दिसत," शोभाताई फणकारल्या.

"मग नीरजला फोन लावा ना. मला उद्या कंपनीला जवाब द्यायचाय. स्थळ म्हणून त्याने सांगितलं, आता फक्त शहर म्हणून सांगू दे."

पोरगी माझीच नात! एवढं मला सुचलं नव्हतं. शोभाताईंनी रागारागात फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"नीरज, लग्नाचं काही नाहीये. खरंच नाहीये. या मुलीला फक्त तिकडे राहायला यायचंय. वॉर्सा कसं आहे ते खरं सांग."

पलीकडून मोठा सुस्कारा आला. "आई, आधी सांगायचं ना! आम्ही दोन खोल्यांत चौघं राहतो."

चार टूथब्रश! मी विनायककडे पाहिलं. माझा संशय खरा निघाला, आता मान्य कर म्हटलं.

"भाडं कंबर मोडतं. महिनाअखेरीला आम्ही एकमेकांचे नूडल्स खातो. गाव वाईट नाही, पण माझी सायकल गेली, मग नवी घेतली, तीही गेली. एकट्या पगारात खोली हवी असेल, तर तिला म्हणावं, वूचला जा. भाडं पुष्कळ कमी, कचेरीच्या जवळ घर मिळतं. आन्या तिथेच राहते, संध्याकाळी उशिरा एकटी चालत घरी येते, कधी काही झालं नाही. मी दर शनिवारी जातो ना, मला..."

आणि तो थांबला.

शोभाताईंनी फोन तोंडाजवळ ओढला.

"कोण आन्या?" शोभाताईंनी विचारलं.

"आई, तू स्पीकरवर आहेस का?"

"कोण आन्या, नीरज?"

फोन बंद झाला. शोभाताई उठल्या. मिठाई परत घेतली, फळं परत घेतली, साडी तर सुमनवहिनींच्या काखेतच होती. दारात वळून मला म्हणाल्या, "चांगली केलीत चौकशी, माई! आमच्याच घराची केलीत!" खरं सांगायचं तर इतकी कसून चौकशी मला यापूर्वी कधीच साधली नव्हती. पण त्या वेळी ते बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं.

जुईने तोंड धुतलं, मेलमधलं गावाचं नाव बदललं, सोमवारी ते धाडलं. मग मला समोर बसवून म्हणाली, "आजी, यापुढे माझ्यासाठी कोणालाही फोन करायचा नाही. प्रॉमिस?"

"बरं," मी म्हटलं.

आता ती वूचला आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. घर छान, भाडं मामुली, रस्ते निर्धास्त, शेजारी देवमाणूस, हवासुद्धा गोड. ऐकता ऐकता माझ्या मनात पाल चुकचुकली. एखाद्या गावाचं इतकं कौतुक नुसतं गाव आवडलं म्हणून कोणी करत नाही. पोरीने तिथे कोणीतरी पाहिलंय! आणि तो देवमाणूस शेजारी, त्याचं वय काय, ते ती सांगत नाही.

दिलेला शब्द मी दोन दिवस पाळला. मग ज्यांची मुलं त्या बाजूला आहेत, अशा चार घरी फोन लावले. पण आता झाशीपासून ग्वाल्हेरपर्यंत माझा आवाज ओळखला, की लोक आधी 'आमच्या मुलाचं ठरलंय हो' असं सांगतात आणि मग नमस्कार करतात.