दोन दिवसांत सोलापूर दाखवायचं म्हणजे

सोलापुरात काय बघायचं असं कुणी विचारलं की आमचा माणूस पहिलं नाव तुळजापूरचं घेतो. दुसरं अक्कलकोटचं. तिसरं पंढरपूरचं. म्हणजे पाहुणा सोलापुरात उतरला रे उतरला की त्याला गावाबाहेर काढायचं! मला इथं नांदायला येऊन तीसेक वर्षं झाली, तरी ही खोड अजून कळलेली नाही. गावात काहीच नाही असंही नाही. पण आपल्याच घरी जेवायला बोलावून 'काही नाही हो, साधंच केलंय' म्हणतो ना आपण, तसं हे लोक सोलापूरबद्दल बोलतात.

मला स्वतःला हा प्रश्न कधी पडला नव्हता. गेल्या डिसेंबरात पडला, आणि असा पडला की जीव टांगणीला लागला.

माझा मुलगा पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. एकुलता एक. शिकायला म्हणून गेला तो तिकडंच नोकरीला लागला. तिथंच बरोबर काम करणारी एक मुलगी त्याला आवडली, फोटोत आम्हालाही आवडली, आणि लग्न ठरल्यातच जमा झालं. मुलाच्या मनात होतं की सोलापुरात येऊन दोघांनी स्वतःचं क्लिनिक टाकायचं. हे ऐकलं त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली. पण मुलगी जन्मापासून पुण्याची. तिनं सोलापूर बघितलं होतं ते फक्त रेल्वेच्या खिडकीतून, हैदराबादला जाताना. ती त्याला म्हणाली, "शनिवार-रविवार येते. शहर बघते. मग सांगते." आणि त्यानं मला फोनवर सरळ सांगून टाकलं, "आई, ती नाही म्हणाली तर आम्ही पुण्यातच राहणार. मी तिला ओढून आणणार नाही."

बरोबर होतं त्याचं. तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आली मोठी शहर तपासायला! मला माहेरच्या नातेपुत्याहून इथं आणलं तेव्हा कुणी दिला होता शनिवार-रविवार? पाहुणे येऊन मला बघून गेले, पोहे खाऊन गेले. मी सोलापूर बघितलं ते लग्न लागल्यावर, जीपच्या मागच्या काचेतून, डोळे पुसत पुसत.

राग राग केला आणि मग तयारीला लागले. दुसरं काय करणार? पोरगं घरी यायला हवं होतं.

डिसेंबर महिना मीच निवडला होता. मुलाला बजावलं होतं, थंडीतच आण रे बाबा. एप्रिल-मेमध्ये आणली असती तर पोरगी स्टेशनच्या पायऱ्यांवरूनच परत फिरली असती. कुठं कुठं न्यायचं हे मात्र काही केल्या ठरेना. यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. दुकानातून आले की रोज एकच, "तुळजापूरला नेऊ की. देवीचं दर्शन होतंय." मी म्हटलं, "तिला देवीशी लग्न करायचं नाही, आपल्या पोराशी करायचंय. तुम्ही गप बसा."

आमच्या समोरच्या अक्का विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. त्यांनी सांगितलं, "वहिनी, हुरडा खायला घाला, आणि माळढोक बघायला न्या." माळढोक! आमच्या अख्ख्या गल्लीत तो पक्षी एकानंही बघितलेला नाही, पण पाहुण्याला दाखवायचा म्हटलं की सगळ्यांना तोच आठवतो. शेवटी मी ठरवलं. शनिवारी घरचं जेवण, संध्याकाळी सिद्धेश्वराचं देऊळ आणि तळं, रविवारी किल्ला, मग नव्या पेठेत चादरी. येता-जाता शेंगाचटणी, कडक भाकरी. झकास. यात नाक मुरडण्यासारखं काही नव्हतं.

राहता राहिलं पाणी.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांतून एकदा येतं. आलं की गल्लीत एकच आरोळी उठते, आणि जो तो हातातलं काम टाकून पळतो. मोटार लावायची, टाकी भरायची, मग पिंप, मग बादल्या, मग राहिलेली भांडी. त्या दिवशी आमच्याकडं कुणी कुणाला जेवायला बोलवत नाही. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, अंगवळणी पडलंय. पण बाहेरच्या माणसाला हे सांगताना मात्र जीभ अडखळते. मी हिशेब केला, पाणी शुक्रवारी येणार. म्हणजे शनिवार-रविवार सुखाचे. तरी दक्षता म्हणून अक्कांना सांगून ठेवलं, की दोन दिवस पाण्याचं नाव काढायचं नाही. अक्का म्हणाल्या, "मी कशाला बोलू वहिनी? माझ्या तोंडाला कुलूप."

शुक्रवारी पाणी आलंच नाही. कुठंतरी पाइप फुटला म्हणे.

शनिवारी सकाळी दोघं आले. पोरगी बारीक, चष्मेवाली, हसली की मोकळं हसणारी. आल्या आल्या तिनं वाकून नमस्कार केला आणि "काकू, वास कसला भारी येतोय" म्हणाली. मी निम्मी तिथंच विरघळले. जेवायला बसलो. मी दुसरी भाकरी वाढत होते तेवढ्यात खिडकीतून खाली फाटकाशी अक्का दिसल्या. तोंडाला कुलूप म्हटल्यामुळं त्या बोलेनात. नुसतं हातानं खुणा करायला लागल्या. आधी अंगठा तोंडाकडं, मग दोन्ही हात नळ सोडल्यासारखे, मग पदर खोचून पळाल्याचा अभिनय. मी बघून न बघितल्यासारखं केलं. मुलगी मात्र भाकरीचा तुकडा हातात धरून टक लावून बघत होती. "काकू, त्यांना बरं वाटत नाहीये का?"

यांना खूण कळली. ताटावरून उठले, "जरा मीटर बघून येतो" म्हणाले आणि गेले. जेवता जेवता कोण मीटर बघतं हो? मी हसून "घे ना, चटणी घे" म्हणत होते आणि माझा सगळा जीव खाली नळाशी. पाणी किती वेळ येईल याचा नेम नाही. टाकीत तर खडखडाट. आणि खालून यांची आरोळी, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, "अगं ये की लवकर! पाइप निसटलाय! पाणी चाललं वाया!"

संपलं. मी भाकरीचं टोपलं टाकून पळाले. वर बघते तर मुलगी जिन्यावरच्या दारात उभी. खाली आमची गल्ली होती तशी तिला दिसली. दारादारांत पाइप, पिंपं, बायकांचे खोचलेले पदर, मोटारींचा गोंगाट, हे चिंब भिजलेले, आणि अक्का आता कुलूप काढून मोठमोठ्यानं ओरडत होत्या.

"रोज असतं हे?" तिनं विचारलं.

"रोज असतं तर काय पाहिजे होतं?" मी म्हटलं. बोलून गेले आणि जीभ चावली.

ती वळली. आत गेली. मी भरलेली बादली घेऊन वर आले, तर आतून तिचा आवाज ऐकू आला. चढा नव्हता, पण दुखावलेला होता. ती मुलाला म्हणत होती, "पाण्याचं नाही रे मला काही. तुम्ही सगळ्यांनी मिळून लपवलंत, त्याचं वाईट वाटतंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं शहर बघायला मागितलं होतं आणि आम्ही तिला नाटक दाखवत होतो.

संध्याकाळी देवळात गेलो. तळ्यावर गार वारा होता, पाण्यात दिवे पडले होते, एरवी मी तिथं तासभर हलत नाही. मुलगी "छान आहे" म्हणाली. प्रसाद घेतला, "छान आहे" म्हणाली. यांनी किल्ल्याची भिंत लांबून दाखवली, तेव्हाही "छान आहे". त्या 'छान'ची मला धास्तीच बसली. रात्री मी यांना म्हटलं, "गेलं हो पोरगं हातचं." हे कूस बदलून म्हणाले, "लई विचार करू नको. झोप." पण झोप त्यांनाही नव्हती.

रविवारी सकाळी मी किल्ल्याला जायचं म्हणून डबा भरत होते. मुलगी स्वयंपाकघरात आली, चहाचा कप विसळून पालथा घातला, आणि म्हणाली, "काकू, आज बघायच्या जागा नकोत. एक विचारू? घरात वैताग आला की तुम्ही कुठं जाता?"

"मला कसला आलाय वैताग?" मी फणकारले.

ती हसली नाही. "मला इथं राहायचं का ते ठरवायचंय. किल्ला बघून कसं ठरवू?"

मी तिच्याकडं बघत राहिले. तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, मुलानं नाही, माझ्या आईनंसुद्धा नाही.  म्हटलं, "चप्पल घाल."

दोघी रिक्षात बसलो. मुलानं विचारलं, "कुठं चाललात?" मी म्हटलं, "मंडईत." पूर्वी सासूबाईंना हेच सांगायचे.

रिक्षा एसटी स्टँडवर थांबली तशी ती गोंधळली. तिला वाटलं असणार, ही बाई मला परतच पाठवतेय. मी तिला आत नेलं, गर्दीतून वाट काढत, एका फलाटासमोर उभं केलं. म्हटलं, "इथं साताऱ्याची गाडी लागते. पंढरपूरवरून, नातेपुत्यावरून जाते. लग्न झालं तेव्हा मी विशीतली. उन्हानं जीव जायचा, पाण्यानं जीव जायचा, घरात कुणाशी ओळख नाही. फार झालं की मंडईत जाते सांगून इथं यायचे. बाकावर बसायचे. गाडीच्या पाटीवर मध्ये बारीक अक्षरांत नातेपुते लिहिलेलं असायचं, ते वाचायचे. गाडी सुटली की पेरू घेऊन घरी."

"कधी चढला नाहीत?"

"एकदा पायरीवर पाय ठेवला होता. कंडक्टर म्हणाला, 'बाई, बसा की आत, जागा हाय.' तो इतकं चांगलं बोलला की मला रडूच फुटलं. उतरले."

ती ऐकत होती. मग मी काहीच राखून ठेवलं नाही. सांगितलं, मेमध्ये भाजून निघतं, दुपारी गादीसुद्धा चटका देते. पाणी असंच येणार, घरी पाहुणे असोत नाहीतर मयत. पुण्यासारखं इथं काही नाही. पण मी बाळंत झाले तेव्हा अक्कांनी महिनाभर माझं पाणी भरलं, स्वतःच्या आधी माझं. हे तुला किल्ल्यात दिसलं नसतं.

"आता नाही ना यावं लागत इथं?" तिनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण कालचा दिवस पुरे झाला होता. "येते की. फक्त बाक बदललं," मी म्हटलं, आणि तिला पुढच्या फलाटाकडं घेऊन गेले. पुण्याची गाडी लागलेली होती. "पोरगं तिकडं गेल्यापासून इथं बसते. दिवाळीला सुट्टी नाही म्हणाला, तेव्हा आले होते."

ती त्या बाकावर बसली. मीही बसले. कंडक्टर दारात उभा राहून 'पुणे, पुणे' ओरडत होता. ती गाडीकडं बघत होती आणि मला तिच्या चेहऱ्यावर अगदी माझाच चेहरा दिसला, विशीतला. तेव्हा लख्ख कळलं, की मी देवाकडं काय मागत बसले होते. माझं लेकरू घरी यावं म्हणून कुणाचं तरी लेकरू या बाकावर आणून बसवायचं, हेच की! पुण्यात हिची आई बसलीच असेल आत्ता फोन हातात धरून. मला त्या न बघितलेल्या बाईची फार दया आली.

मी म्हटलं, "हे बघ, नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. मी रडेन चार दिवस, पण तुला शिव्या देणार नाही. आई शपथ."

 गाडी निघाली, मागं वळली, बाहेर पडली.

"मी इथं राहायला आले," ती म्हणाली, "तर तुमचा मुलगा घरीच असेल. मग तुम्ही नाही येणार इथं बसायला."

"मी कशाला येऊ? माझं माणूस घरी आलेलं असेल."

"तरी या," ती म्हणाली. "मला एकटीला नका बसवू."

मी तिचा हात धरला. पुण्याची दुसरी गाडी फलाटावर लागत होती. आम्ही दोघी तिच्याकडं बघत तिथंच बसून राहिलो.