मिस्त्रींनी सांगितला तोच शाफ्ट

हे मी संघटनेत बोललेले नाही, घरीही नाही. तुम्हाला सांगतेय.

मी पत्रकं लिहिते. ‘जबाबदार कोण?’ हा माझा आवडता मथळा. मुरबाडच्या डोंगरपाड्यांतून आजारी माणसं खाली आणायला आमच्या संघटनेची एक जुनी फोर बाय फोर जीप आहे. चालवायचे बाबूदादा. मोर्च्यात उठून दिसावी म्हणून ती उंच करून घ्यायचा हट्ट माझा. झाली उंच. मग चाक वळवलं की पुढून कटकट यायला लागली — इंजिनाचा जोर पुढच्या चाकाला देणारा शाफ्ट गेला होता. नवा निवडायचं काम मी अंगावर घेतलं.

सापगावचे मिस्त्री म्हणाले, “गाडी उंच केलीस, आता शाफ्ट तिरका चालणार गो. साधा नाय टिकायचा. जास्त वाकणारा मागवतो, आठ दिस लागतील.”

“मोर्चा परवा आहे, काका!”

“मग चालत जा की. मोर्चा चालतच काढतात ना तुमी?”

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा राग येतो, नाही का? शहापुरात दुकानात साधा तयार होता. तिथंच दुसऱ्या गॅरेजात बसवून घेतला.

बाबूदादांनी विचारलं, “कुठला घातला गो?”

“मिस्त्रींनी सांगितला तोच.”

एवढंच. तीन शब्द. पत्रकात तीन शब्दांचं वजन मला कळतं — तेव्हा नाही कळलं?

मोर्चा झाला, फोटो झाले. पुढच्याच आठवड्यात भर दुपारी, पाड्यावरच्या सोमीला कळा सुरू असताना, तिला दवाखान्यात नेताना, चढावर शाफ्ट तुटला. तिला डोलीतून डांबरी रस्त्यापर्यंत नेली. बाळ-बाळंतीण वाचली, त्यात माझं काही नाही. मी काय केलं? डोलीचा फोटो काढला. ‘रस्ता नाही म्हणून डोली! जबाबदार कोण?’ रस्ता खरंच वाईट आहे. पण त्या दिवशी —

पाड्यावरच्या बैठकीत मात्र बोट रस्त्याकडे गेलं नाही. “बाबू गाडी हाणतो,” सोमीचा सासरा म्हणाला, “बैल हाकल्यावानी.” कुणीतरी हसलं. बाबूदादा खाली बघत म्हणाले, “असंल. दगडावर जोरात घातली असंल मी.”

मी समोरच बसले होते, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन. कलेक्टरसमोर टेबल बडवणारी मी. गठ्ठ्याच्या कडा जुळवत राहिले.

बाबूदादांनी जीपची किल्ली सतरंजीवर ठेवली.

नंतर मी गुपचूप योग्य शाफ्ट मागवला. सापगावच्या मिस्त्रींनी तुटलेला हातात घेऊन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि नवा बसवला. तेव्हापासून तोच चढ, तेच दगड, नवा ड्रायव्हर — गाडी एकदाही अडकलेली नाही.

आणि पाड्यावर लोक म्हणतात — परवा बाबूदादांच्या देखत म्हणाले, मी तिथंच होते — “बाबू उतरला नि गाडी सुधारली.”

बाबूदादांनी मान हलवली. त्यांनाही ते पटलंय.