पान लागलं

भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तो दुसऱ्या कुणी लावला नाही. मीच नर्सरीतून एकेक कुंडी आणून लावला.

आमचं घर वाशिमच्या कडेला, अनसिंगकडे जाणाऱ्या रस्त्याला. मागच्या कुंपणापलीकडे सोयाबीनची शेतं. स्वयंपाकघराची मागची भिंत पश्चिमेला आहे, मे महिन्यात तिला हात लावला तर पोळतो. एकदा कोकणात एका नातलगाच्या परसात गेले आणि हरखून गेले. डोक्यावरून झुकलेली पानं, ओली माती, भर दुपारी अंगावर गार सावली. मला तेच माझ्या भिंतीमागे हवं झालं.

नवरा म्हणाला, "वाशिमात कोकण आणून राह्यली का तू? इथं केळीले बी घेरी येईन."

पण त्यानंच चार पाइप रोवून वर हिरवी जाळी ताणली, ठिबकची नळी फिरवली. मागं केळी, तिच्यापुढे लाल कर्दळ, एक पाम, भोकाभोकांच्या पानांची एक वेल आणि सगळ्यांत पुढे ती हत्तीच्या कानाएवढ्या पानांची झाडं. नर्सरीवाल्यानं त्यांचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, ते घरी पोचेपर्यंत मी विसरले. मोरीचं आणि कूलरचं पाणी तिकडे वळवलं. ओल टिकावी म्हणून बुडाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, जाड पसरलं. दुसऱ्या पावसाळ्यात तिथं खरंच जंगल झालं, आणि मी घाबरायला लागले.

कारण सासूबाई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. त्या मेडशीच्या, जन्म शेतात गेलेला. "गारवा दिसला का जनावर येते, पोरी. कुटारात उंदरं येते, उंदरामांगं ते येते."

'ते' म्हणजे काय ते आमच्याकडे कुणी विचारत नाही. आमच्या घरात सापाला साप म्हणत नाहीत. दिवसा 'जनावर' म्हणायचं, दिवेलागणीनंतर नुसतं 'ते'. नाव घेतलं की हाक मारल्यासारखं होतं म्हणे. आणि कुणाला चावला तर चावला म्हणायचं नाही. 'पान लागलं' म्हणायचं. माझ्या माहेरीही हेच होतं. चार बुकं शिकल्यावर मी दिवसाउजेडी या सगळ्याला हसते, पण दिवस मावळला की माझी जीभ तो शब्द उचलत नाही.

तर आता त्या कोपऱ्यात जायचं म्हणजे मी काठी घेऊन, पाय आपटत, पाइपवर ठणठण वाजवत जायची. ठिबकची काळी नळी पानाखालून डोकावली की काळीज लक्कन हलायचं. नवरा हसायचा, "कायले भेतं वं एवढी? पाइप हाये तो." त्याचं बरोबर होतं. दर वेळी पाइपच असायचा. पण एखाद्या वेळी नसला तर?

सासूबाईंची बसायची जागा तिथंच होती, जाळीच्या कडेला, धुण्याच्या दगडावर. जनावर येईल म्हणायच्या आणि गारव्यालाही त्याच जाऊन बसायच्या. मी त्यांना शंभरदा उठवलं असेल. त्या हलायच्या नाहीत.

भाद्रपदातली संध्याकाळ होती. मी कणीक मळत होते. मागून हाक आली, "अवं... पान... पान लागलं मले!"

माझे हात परातीतच राहिले. नंतर कशी धावले ते आठवत नाही. सासूबाई दगडावर वाकून बसलेल्या, तोंडातून लाळ गळत होती, ओठ सुजायला लागले होते. नवरा ओरडत होता, "कुठं, आई? पायाले का हाताले?" त्यांनी तोंडाकडे बोट दाखवलं. आम्हाला वाटलं, पाणी मागतात.

गाडीत मी त्यांना मागच्या सीटवर कवटाळून बसले होते. त्या जीव तोडून मान हलवत होत्या आणि एकच शब्द म्हणत होत्या, "पान... पान..." जितक्यांदा म्हणत तितकं मला भरून येई. मग जीभ एवढी सुजली की नुसतं "आ, आ" उरलं. हातांचंही काहीतरी होत होतं. डावा तळहात पसरायचा, त्यावर उजवा हात फिरवायचा, मग दोन्ही हातांनी काहीतरी गुंडाळल्यासारखं करायचं. पुन्हा पसरायचं, पुन्हा गुंडाळायचं. विष हातात उतरलं, हात वळायला लागले, असं मला वाटलं. मी केलेल्या गारव्यानं माझ्या घरातलं माणूस नेलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

सरकारी दवाखान्यात नवऱ्यानं "पान लागलं" म्हणताच डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. लगेच पलंगावर घेतलं. पाय पाहिले, हात पाहिले, खूण कुठंच नाही. "मण्यारचा दात दिसत नाही कधीकधी," ते म्हणाले. त्या विषानं पापण्या मिटायला लागतात म्हणे, म्हणून त्यांनी सासूबाईंच्या पापण्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. पापण्या ठीक होत्या. ते बुचकळ्यात पडलेले मला दिसलं, आणि त्याची मला जास्तच भीती वाटली.

खूण शोधायला सिस्टरनं लुगड्याचा ओचा सैल केला, तर आतून घडी घातलेली तीन पानं निघाली. हत्तीच्या कानाएवढी. एकाचा कोपरा दातानं तोडलेला.

सासूबाईंनी पुन्हा तळहात पसरला, त्यावर हात फिरवला, गुंडाळलं.

डॉक्टर बघत राहिले. "आजी, धोप्याच्या वड्या करायच्या होत्या का?"

त्यांनी जोरजोरात मान डोलावली. आमच्याकडे अळूला धोपा म्हणतात. धोपा खाजरा आहे का ते कळावं म्हणून कच्च्या पानाचा तुकडा जिभेला लावून बघायची त्यांची जुनी सवय. शोभेचं पान ते, त्यानं जीभच धरली. नवरा हसला आणि हसता हसता रडायला लागला. मला दोन्ही जमलं नाही. मी पलंगाचा दांडा धरून उभी राहिले.

सुई दिली, नजरेखाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. नवरा कुदळ घेऊन सरळ मागं गेला. सासूबाईंनी जड जिभेनं त्याला थांबवलं. "राहू दे. झाडाची काय चुकी? मले वाटलं धोपा हाये. म्हटलं, हिच्या जंगलाचं हिले काही खाऊ घालावं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पान लागलं म्हटलं तं तुमी मले मारूनच टाकत होते. आता जे हाये तेच म्हणाचं."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्यानंतर पितृपक्षातली गोष्ट. दिवे लागायच्या वेळी मी कर्दळीचं वाळकं पान खुडायला वाकले होते. काठी भिंतीला टेकलेली. सासूबाई पाठीमागे दगडावर होत्या.

"साप," त्या म्हणाल्या.

मला कळलंच नाही. त्यांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"हालू नको. साप हाये. पान नाही, साप."

माझ्या पावलाजवळ कुटार हललं. ठिबकच्या नळीलगत दुसरी एक नळी सरकत होती, तपकिरी, आणि ती संपतच नव्हती. मी श्वास धरून उभी. मागून त्यांनी येऊन माझं मनगट पकडलं. कुटार हलत हलत कुंपणापर्यंत गेलं आणि पलीकडे सोयाबीनमध्ये शिरलं.

"गेला," त्या म्हणाल्या. मनगट मात्र सोडलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, या घरात भिणारी मी एकटीच. त्यांचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता.