देव्हाऱ्यात बसलेलं रशियन पदक

मंडळी, आज लय थकलोय. कपाशीच्या बियाण्याच्या कामानं ताश्कंदला गेल्तो, काल परत आलो. परदेशातल्या जुन्या बाजारांतून मी सोव्हिएत काळातली पदकं, बिल्ले जमवतो, हे तुम्हाला माहीतच आहे.

सकाळी टेंभुर्णीत आईकडं पदकांचा डबा उघडला, तर ताश्कंदहून आणलेलं चांदीचं पदक गायब. अर्धा दिवस बॅगा उलट्यापालट्या केल्या. शेवटी सापडलं देव्हाऱ्यात, पूर्वजांच्या नावानं पुजलेल्या चांदीच्या टाकांशेजारी, हळदीकुंकू लावलेलं. पदकावर लेकरू छातीशी धरलेली बाई आहे. डब्यात ते बघून आईला वाटलं, कुणाच्या तरी घरचा टाकच हाय.

"आई, हा टाक न्हाई. सहा लेकरं वाढवलेल्या बाईला तिथलं सरकार हे द्यायचं."

"मंग बाजारात कसं आलं?"

"ती गेल्यावर पोरांनी इकलं असंल."

आईनं पदक टाकांच्या रांगेत नीट सरकवलं. मंग म्हणाली, "राहू दे इथंच. तिचं करणारं कोणी दिसत न्हाई."

हळद लागलेलं पदक संग्रहाच्या कामाचं न्हाई. तरी मी ते उचललं न्हाई.

आम्हीपण सहा भावंडं. आई इथं एकटीच राहते, अन् उद्या सकाळी मीपण पुण्याला निघतोय.

तुमच्या आईजवळ आज कोण आहे?