गुहेचा मालक

चित्राचा फोन आला तेव्हा मी पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्या टेम्पोत चढवून घेत होतो. "दादा गेला," एवढंच म्हणाली. "थांब, मी निघालोच," असं काहीतरी मी बोललो. पोचून काय करणार होतो, कुणास ठाऊक... तरी देवळाली कॅम्पपर्यंत गाडी अशी हाणली की जणू वेळेत पोचलो तर काही वाचणार होतं. त्याला आता काही आठवडे झाले. ती घाई अजून अंगातून गेलेली नाही.

संजय माझा शाळेपासूनचा मित्र आणि चित्रा त्याची धाकटी बहीण. शिकायला मी पिंपळगावहून येऊन कॅम्पात मावशीकडे राहायचो, पण जेवणाखेरीज सगळा वेळ संजयच्या घरी. बदली झाली की लष्करी अधिकारी घरातलं जड सामान विकून मोकळे व्हायचे. अशाच एका बंगल्यावरून संजयच्या वडिलांनी लोखंडी खाट आणली आणि तिच्यासोबत फुकटात एक भलंमोठं खोकं आलं. झाकणावर तलवारवाला, दाढीवाला जादूगार आणि आग ओकणारा पंखवाला अजगर. आत भुयारांचा पट, सोंगट्या, फासे आणि एक इंग्रजी पुस्तिका. बाकीच्यांनी वीर होऊन भुयारात शिरायचं, खजिना आणायचा. एकाने मात्र पुठ्ठ्याच्या आडोशामागे नकाशा घेऊन बसायचं आणि कुठल्या दारामागे काय दडलंय ते सांगायचं. नवशिक्यांसाठीचा खेळ होता म्हणे. आमच्यात धड इंग्रजी फक्त संजयला वाचता यायचं, म्हणून आडोशामागे तो बसला. आम्ही त्याला गुहेचा मालक म्हणू लागलो. पुढे त्याने झेरॉक्सचं दुकान टाकलं, लग्न केलं नाही, टक्कल पडलं, तरी आमच्यासाठी तो मालकच राहिला.

तलवारवाला माझा. जादूगाराची सोंगटी खोक्यात नव्हतीच, म्हणून चित्राला बुद्धिबळातला उंट मिळाला. कॅम्पात तोफांचा सराव चालायचा. लांबून धडाम झालं, खिडकीची काच थरथरली, की मालक आवाज एकदम खाली आणायचा. "ऐकलंत? राक्षस उठला."

"मी नाय जात पुढं," मी म्हणायचो.

"मग जा पिंपळगावला, कांदे निवड."

झक मारत पुढे जावं लागायचं.

पहिल्याच दिवशी चित्राचा उंट मेला. मेलेला खेळाडू खेळातून बाहेर, असं पुस्तिकेत स्वच्छ छापलेलं होतं. चित्राने असं भोकाड पसरलं की काकू हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या. मालकाने पुस्तिका मिटली आणि तोंड गंभीर करून आपला नियम जाहीर केला: पटावर कुणी पडलं, तर दुसऱ्याने आपली ताकद तोडून द्यायची, की पडलेली सोंगटी पुन्हा उभी. देणारा तेवढा अशक्त होणार. त्या दिवसापासून आमच्या पटावर कुणी मेलं नाही. चित्रा लग्न होऊन सिडकोत गेली, मी द्राक्षांच्या धंद्यात पडलो, पण दर भाऊबीजेला तिचं ओवाळून झालं की ताटाच्या जागी पट मांडला जायचा. तिचा नवरा आम्हाला हसायचा. हसू दे बापडा.

मग संजयची मूत्रपिंडं निकामी झाली. दिवसाआड डायलिसिस. चित्राचं मूत्रपिंड जुळलं नाही, तेव्हा मी म्हणालो, माझं घ्या. त्यात मला विशेष काही वाटलंही नाही, इतकी वर्षं तेच तर करत आलो होतो. डॉक्टरांनी माझी साखर पाहिली आणि फाइल बंद केली. "तुमची दोन्ही तुम्हालाच पुरवून वापरावी लागणार आहेत." मी वेड्यासारखा भांडलो. बाहेर बाकावर संजय मात्र हसत होता. "गड्या, इथला मालक दुसरा आहे. तो नियम बदलत नाही." मला इतका राग आला... अजून आहे. कुणावर काढायचा तेच कळत नाही.

गेल्या भाऊबीजेला पट मांडला तो पत्र्याच्या ट्रंकेवर, म्हणजे त्याला खाटेवरून दिसेल. चित्राचा उंट पडला, मी ताकद दिली, उंट उठला. पुढचं दार उघडणार तेवढ्यात मालकाने डोळे मिटले. "राहू दे मांडलेला. पुढच्या खेपेला उघडू."

परवा चित्रा आणि मी त्याची खोली आवरायला गेलो. पट तसाच होता. चित्रा पटासमोर बसली आणि लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "ए, उठव ना त्याला. माझी सगळी ताकद घे."

मी पटाकडे पाहिलं. तलवारवाला उभा होता, उंट उभा होता. आडोशामागे नकाशा होता, फासे होते आणि त्याचा चष्मा. जन्मभर त्याने आम्हाला उठवलं, पण त्याची स्वतःची सोंगटी पटावर कधी नव्हतीच. आम्ही ताकद द्यायची तरी कुठल्या सोंगटीला? हे मी चित्राला सांगू शकलो नाही.

तेवढ्यात लांब तोफ वाजली. काच थरथरली. आणि आम्ही दोघांनी, सवयीने, आडोशाकडे पाहिलं.